न दिलेल्या सहा गोळ्या

पुरवणी जबाब

वय एकोणसाठ वर्षे, धंदा वजनकाटे दुरुस्ती. नाव आणि पत्ता परवाच्या जबाबात लिहिला आहे तोच. घर तेच आहे, घरातलं माणूस एक कमी झालं आहे.

मी आज दुपारी तीन वाजता, कुणीही न बोलावता, पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देतो की, परवा याच टेबलासमोर मी आणि माझ्या मेव्हण्याने हॉस्पिटलच्या सिस्टरविरुद्ध जो जबाब दिला, त्यातल्या दोन गोष्टी साफ खोट्या आहेत. सिस्टरने गोळ्यांबद्दल विचारलंच नाही, ही एक. तिने सलाईनच्या आधीची इंजेक्शनं दिली नाहीत, ही दुसरी. पहिलं खोटं माझं. दुसरं मेव्हण्याचं, पण त्याला मी मान डोलावली, म्हणजे तेही माझंच.

ठाणे अंमलदार आधी लिहून घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "काका, दुःखात माणूस काहीही बोलतो. घरी जा, चार दिवस पडून राहा." मी म्हणालो, परवाही मी दुःखातच होतो, तेव्हा बरं झटक्यात लिहून घेतलंत. त्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. मी बोलतो तसंच लिहा, मध्ये 'सदर' आणि 'इसम' घालू नका, अशी विनंती केली. ती त्यांनी मान्य केली.

माझी बायको चोपन्न वर्षांची. तिला छातीचा कॅन्सर निघाला आणि तो काखेत उतरला होता. साखरेचा आजार अठरा वर्षांपासूनचा. दर तीन आठवड्यांनी तिला केमोचं सलाईन लावायला हॉस्पिटलच्या डे-केअर वॉर्डात न्यावं लागे. तिथली चष्मेवाली सिस्टर, जिच्याविरुद्ध आम्ही तक्रार केली ती, पहिल्या खेपेपासून आमच्याकडे बघत होती.

या सलाईनच्या आधी घ्यायच्या काही गोळ्या असतात. आदल्या दिवशी सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आणि त्या दिवशी सकाळी दोन. पहिल्या खेपेलाच सिस्टरने मला समोर बसवून सांगितलं होतं, "काका, हे औषध जालीम असतं, अंग ते सहजासहजी स्वीकारत नाही. या गोळ्या आधी पोटात गेल्या नाहीत तर अंगावर उठेल, उलट्यांनी हैराण होतील, श्वाससुद्धा अडकेल. उलटीचं आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन मी इथे देते, पण ते गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या बदली नाही." मी हे वहीत लिहून घेतलं आणि 'बदली नाही' याखाली रेघ मारली. तेव्हा मला कल्पना नव्हती, असं म्हणायची सोय मला नाही.

आता या गोळ्यांची दुसरी बाजू. त्यांनी साखर चढते. आणि वॉर्डाचा नियम असा की सकाळी बोट टोचून बघायचं, साखर अडीचशेच्या वर निघाली की सलाईन नाही, घरी जा. तिसऱ्या खेपेला तीनशे बारा निघाली. परत पाठवलं. आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तीनशे चाळीस. पुन्हा परत. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवून दिलं आणि मला बजावलं की गोळ्यांना हात लावायचा नाही. मी हो म्हणालो.

दुसऱ्यांदा परत पाठवलं त्या दिवशी येताना गाडीत बायकोने माझा हात धरून स्वतःच्या काखेत नेला. म्हणाली, "बघा, ही गाठ बोराएवढी होती, लिंबाएवढी झाली. आपल्याला परत पाठवतात, हिला नाही कुणी परत पाठवत." आणि हसली. मला हसू आलं नाही. मला त्या साखरेच्या आकड्याचा असा संताप आला की समोर माणूस असता तर मी त्याची गचांडी धरली असती. रोग एकीकडे राहिला आणि आम्ही आकड्याशी झुंजत बसलो होतो.

मी एकतीस वर्षं काटे दुरुस्त करतो. तपासणी जवळ आली की काही दुकानदार येतात, म्हणतात, तेवढ्यापुरता काटा बरोबर दाखवेल असं काहीतरी करा. अशा गिऱ्हाइकाला मी दुकानाची पायरी चढू दिली नाही, लोक मला तिरसट म्हणतात ते यामुळेच. हे इथे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं मी अजाणता केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून सांगतो.

तिच्या गोळ्यांची डबी रोज मीच भरत असे. पुढच्या सलाईनच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्या सहा गोळ्या डबीतून काढल्या आणि त्यांच्या जागी ताकदीच्या बारीक पांढऱ्या गोळ्या ठेवल्या. दिसायला सारख्याच. तिला बोललो नाही. बोललो असतो तर तिने ऐकलं नसतं, कारण डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं ती अक्षरन् अक्षर पाळायची, साबण किती वेळ लावायचा तेसुद्धा. माझा हिशोब असा होता की एकदा गोळ्या चुकल्या तर फार तर दोन दिवस उलट्या होतील. उलट्या मी निस्तरल्या असत्या. बादली, टॉवेल, सगळं काढून ठेवलं होतं.

संध्याकाळच्या दोन गोळ्या घेतल्यावर ती म्हणाली, "या खेपेला गोळ्या मानवल्या हो मला. छातीत धडधड नाही की काही नाही." आणि किती तरी दिवसांनी दोन टोस्ट मागून खाल्ले. मी समोर बसून बघत होतो आणि मला फार बरं वाटलं. हे वाक्य लिहू का, असं अंमलदारांनी विचारलं. लिहा म्हणालो.

घटनेच्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही वॉर्डात पोचलो. मी, बायको आणि मेव्हणा. वॉर्डात नऊ खुर्च्या आहेत, तिला खिडकीजवळची चौथी मिळाली. सिस्टरने बोट टोचलं. साखर एकशे शहाऐंशी. सिस्टर म्हणाली, "वा काकू! आज साखर अगदी शहाण्या मुलीसारखी वागली." बायकोने माझ्याकडे असं बघितलं जणू मी परीक्षेत पहिला आलो होतो. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो. बाकीच्या आठ खुर्च्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

मग सिस्टरने कार्ड काढलं आणि मला विचारलं, "काका, गोळ्या? दोन, दोन, दोन?" मी म्हणालो, "दिल्या." तिने तीन ठिकाणी खूण केली आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. त्यावरची सही माझी आहे. मेव्हणा तेव्हा खाली चहा प्यायला गेला होता, त्यामुळे विचारलं की नाही हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

दहा चाळीसला सिस्टरने तीन इंजेक्शनं दिली. एकेक सिरिंज दाखवून नाव सांगितलं, हे उलटीचं, हे अ‍ॅलर्जीचं, हे पोटाचं. मी स्वतः पाहिलं. बायकोला गुंगी आली, ती थोडा वेळ घोरलीसुद्धा. मेव्हणा वर आला तेव्हा हे सगळं आटोपलं होतं. अकरा वीसला मोठी बाटली लावली.

अकरा सव्वीसला ती मला म्हणाली, "अहो, कंबर धरली." मी उशी सरकवली. तोवर तिचा चेहरा लाल झाला, मग गळा, मग हात. छातीवर हात ठेवून ती तोंडाने श्वास ओढू लागली. मी सिस्टरला हाक मारायच्या आत ती आलेली होती. तिने सलाईन बंद केलं, खुर्ची आडवी केली, ऑक्सिजनसाठी ओरडली, डॉक्टरांना आणायला मेव्हण्याला पळवलं. तिने काही करायचं बाकी ठेवलं असेल तर ते मला माहीत नाही. त्या गडबडीत वळून तिने दुसऱ्यांदा विचारलं, "गोळ्या नक्की घेतल्या होत्या ना?" मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

मग तिला आतल्या खोलीत नेलं. बारा पन्नासला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी काय सांगितलं ते परवाच्या जबाबात आहे.

मेव्हण्याने सिस्टरला थोबाडीत मारली. तिचा चष्मा फुटला. तो ओरडत होता, "हिने काही विचारलं नाही, काही दिलं नाही, नुसती बाटली लावून मोकळी झाली!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, बोला ना, विचारलं का हिने?" मी नाही म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसंच, फक्त बोंब दुसऱ्याने मारली आणि मी तिच्यामागे लपलो. ठाण्यात येईपर्यंत ते खोटं माझ्या अंगवळणी पडलं होतं.

काल मी डॉक्टरांना भेटलो. विचारलं, समजा गोळ्या चुकल्या असत्या, तर त्याने असं होतं का? ते म्हणाले, "गोळ्या घेऊनही कधी कधी होतं. आणि तुमच्या चुकल्या नव्हत्या ना? मग कशाला डोकं शिणवता?" मी पुढे विचारलं नाही. त्यामुळे तिचा जीव मी घेतला की तो तसाही जाणार होता, हे मला अजून कळलेलं नाही. आता ते कळून उपयोग तरी काय?

आज सकाळी वॉर्डातली मावशी बायकोच्या चपला आणि शाल द्यायला घरी आली. तिने सांगितलं की सिस्टरला कामावरून घरी बसवलं आहे. म्हणाली, "पोरगी सारखी एकच विचारते. मावशी, मी विचारलं होतं ना गं? मला आठवतंय, पण दोन-दोन माणसं नाही म्हणतात, मग मीच विसरले असेन का?" चपला दाराशी ठेवून ती गेली. मी पाणीही विचारलं नाही.

काढून ठेवलेल्या सहा गोळ्या मी सोबत आणल्या आहेत, त्या पुडीसकट हजर करतो. वहीही हजर करतो.

अंमलदारांनी मला समज दिली की हे लिहिल्यावर प्रकरण माझ्यावर येईल आणि मागे घेता येणार नाही. मला ते कळलं आहे. त्यांनी हेही विचारलं की घरच्यांना माहीत आहे का. माझी मुलगी काल गावाहून आली. आत्ता ती बाहेर बाकावर बसली आहे. बाबा सिस्टरविरुद्धची तक्रार पक्की करायला आलेत, अशी तिची समजूत आहे. येताना ती माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही आईसाठी जेवढं केलंत तेवढं कुणी करणार नाही. त्या सिस्टरला सोडायचं नाही आता." यातलं काहीही तिला दुसऱ्या कुणी सांगू नये. बाहेर जाऊन मीच सांगणार आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेल असं मला वाटत नाही, आणि तिने का बोलावं?

अजून काही सांगायचं आहे का, असं अंमलदारांनी विचारलं. एक राहिलं आहे. ते मी वर मुद्दाम गाळलं, कारण तोंडातून निघत नव्हतं. पण सिस्टरच्या बाजूने त्याच्याइतका पुरावा दुसरा नाही, म्हणून सांगतो.

सिस्टरने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, हे खरं. पण प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. माझ्या बायकोने दिलं. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला आणि एकेका शब्दाला थांबत ती म्हणाली, "हो गं. यांनी स्वतः मोजून दिल्यात. यांच्या हातून नाही व्हायची चूक." एवढं बोलून तिने मास्क पुन्हा नीट लावला. त्यानंतर ती काही बोलली नाही.

तेव्हा सिस्टरने दोनदा विचारलं होतं आणि तिला दोनदा होकार मिळाला होता. बायकोचा होकार चूक होता, पण ती खोटं बोलली नाही. खोटं त्या खोलीत एकच माणूस बोलत होता.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरवला आहे आणि तो खरा आहे. परवाच्या जबाबाखालीही हेच लिहून माझी सही घेतली होती.

(सही)