लेन्सवर साखर

आणि वर मलाच विचारते, "मामा, तुझ्या डोळ्यात साखर कुठून आली?" आता काय सांगू कपाळ! तुम्हाला सांगतो, नखाएवढी चकती हो, फुंकर मारली तर उडून जाईल, पण तिनं माझी अब्रू पार धुऊन काढली!

झालं काय, माझी भाची प्रयोगशाळेत संशोधन करते. विषय काय, तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स महिनाभर वापरली की काय होतं. माणसाचं नाही हं... लेन्सचं! पाणी किती उरतं, ताणली तर किती ताणते, हवा आरपार जाते की नाही... वीस माणसं हवी होती, मिळाली एकोणीस. एक कमी पडला तर प्रबंध अडणार, वर्ष वाया! मी म्हटलं, "मामा काय मेलाय का?" लगेच आमची ही, "अहो, डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा म्हटलं तर तुम्ही घरभर पळता!" पण मला दिसत होता आरसा. बावन्नाव्या वर्षी, चष्म्याशिवाय, मी! नंबर एकाच डोळ्याला, म्हणजे लेन्सही एकच. त्यात काय एवढं?

त्यात काय? बोटावर चकती, पापणी ताणलेली, तोंड उघडं... डोळ्यात घालायला तोंड का उघडावं लागतं, सांगेल का कोणी? आणि बोट जवळ आलं की डोळा फट्ट बंद! एकदा तर तासभर शोधली, सापडली मिशीत! चौथ्या दिवशी लेन्स गेली डबीत आणि मी चष्म्यात. भाचीचा रोज फोन, "मामा, घातलीस ना?" मी म्हणायचो, "अगं, काढवत नाही!" जीभ कशी झडली नाही माझी!

महिना संपला. डबी उघडतो तर लेन्स लख्ख! बसलो मग तिला जुनी करायला. कांदा चिरला, अश्रू चमच्यात धरले, त्यात भिजवली, पंख्याखाली ठेवली... तर वाळून कुरकुरीत! घाबरलो, हाताशी जे होतं त्यात बुडवली. हाताशी होती चहाची बशी. म्हटलं, नखाएवढी चकती हो, पिऊन पिऊन किती पिणार?

किती प्यायली ते यंत्राला कळतं, तुम्हाला सांगतो! "मामा, बाकीच्यांच्या लेन्सवर अश्रूंतले थर आहेत. तुझ्या लेन्सवर चहा आहे." मी म्हटलं, "माझा स्वभावच गोड..." हसली नाही. डोळे भरून आले तिचे. "तू नाही म्हणाला असतास तर मी दुसरं कोणी शोधलं असतं रे." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला.

तिनं हातापाया पडून महिन्याची मुदत वाढवून आणली, नवी लेन्स दिली, आणि मग रोज सकाळी मी प्रयोगशाळेत हजर! "बस. वर बघ. तोंड बंद!" ती घालणार, संध्याकाळी तीच काढणार. लहानपणी मी तिला नाक दाबून औषध पाजायचो, त्याची सव्याज फेड! रडलो, बोंबललो, पण तीस दिवस घातली.

काल निकाल लागला. विसांत सगळ्यात बिघडलेली लेन्स कोणाची? माझी! पाणी उतरलेलं, अंग ताठ, हवा जाईना, वर थरावर थर! भाची टाळ्या वाजवतेय, "मामा, तुझ्याइतका फरक कोणाच्याच लेन्समध्ये नाही!" जन्मात एकदा पहिला आलो, तोही असा!

घरी येऊन तोऱ्यात अहवाल हिच्या हातात दिला. हिनं तो वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. म्हणाली, "मऊ होती बिचारी. एक महिना तुमच्याबरोबर काढला, तर ही गत! आणि सत्तावीस वर्षं काढलेल्या मला लोक विचारतात, तू अशी कडक का?"

नखाएवढी चकती हो... आज सकाळी बघतो तर अहवाल दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीवर चिकटवलेला! मी आपला चष्मा लावला... आणि पुन्हा एकदा वाचून काढला.