अष्टमीचं बेट

वामनराव, भरतीच्या बाबतीत माणसानं भरवसा ठेवावा तरी कुणावर? आपल्या हर्सूल तलावाला काय भरती येत नाय. फ्रान्सात समुद्रातल्या बेटावर एक जुना मठ आहे, मोठी भरती आली की चहूबाजूंनी पाणी. आमच्या मंडळींना तोच बघायचाय.

रत्नागिरीच्या नारळवाल्याला फोन लावला. "शेठ, अष्टमी धरा." ट्रॅव्हलवाली पोरगी म्हणाली, "काका, पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी." तिथं राहणारा जावई म्हणाला, "कधीही या, पूल आहे." तिघंही जाणकार, अन् माझं डोकं चालंना! शेवटी सगळं बायकोपुढं मांडलं.

ती म्हणाली, "अहो, नारळवाल्याला विचारलं काय होतं?"

"भरतीचं पाणी सगळ्यात कमी कधी चढतं?"

"म्हंजे मी फ्रान्सात जाऊन कोरडी वाळू बघायची व्हय?"

चूक माझीच हो. मला पाण्याची भीती लई, म्हणून प्रश्नच तसा विचारला. अजूनही पंचांग उघडलं की बोट अष्टमीवरच जातं. तेव्हा हे पंचांग घ्या वामनराव, पौर्णिमेपासून दिवस तुम्हीच मोजा. हिशेब मात्र खरा ठेवा. माझ्या तोंडाकडं बघून तारीख सरकवू नका.