अर्धी दाढी

माझ्या लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण टक्कन उघडलं आणि दवाखान्यातली शांतता मोडली. शेजारचे सलूनवाले आजोबा चुळबुळले. आजींनी संधी साधली.

"अहो, आज ऑपरेशनला हो म्हणून टाका."

"गोळ्या चालू आहेत ना."

"गोळ्यांनी चक्कर येते तुम्हाला."

"मग धरतो की मी."

"कशाला? गिऱ्हाईकाच्या डोक्याला?"

"त्याला मालिश वाटतं."

"काल एकाची अर्धी दाढी सोडून लघवीला पळालात. तो फेसासकट समोरच्या दुकानात गेला. अशानं आपलं दुकान बंद पडेल."

"या वयात प्रोस्टेट सगळ्यांचीच वाढते."

"सगळ्यांच्या हातात वस्तरा नसतो."

आतून आजोबांचं नाव पुकारलं. ते उठले आणि थेट बाथरूमकडे वळले.

लेक माझ्या कानाशी आली. "आई, आजोबांना शू लागलीय की भीती वाटतेय?"