एकशे सात फोन

हॅलो?… तालाय? मिळाला एकदाचा वेळ! सकाळपासून सात निरोप टाकलेत मी… एजे-बिजे म्हणू नकोस, आज मी तुझी ताई नाही. आधी सांग, तुमच्या ऑफिसातली हवामानाची जुनी एपीआय कुणी बंद केली?

…तू? आणि वर अभिमानाने सांगतोयस?

हो, हो, ऐकतेय… नवी जोरात चालते, क्लाउडवरचा कचरा साफ झाला… शी! कचरा? अरे, मेंढपाळांच्या फोनमधलं माझं अ‍ॅप त्याच एपीआयच्या खिडकीशी जाऊन विचारतं, खिंडीत आज कसं आहे म्हणून. खिडकीच बंद, तर उत्तर कोण देणार? तुझी आजी?

कुणी वापरत नव्हतं? कशावरून?… तीन महिने विचारणा शून्य. कुठले तीन?… डिसेंबर ते फेब्रुवारी! अरे, किर्गिझच ना तू? की बिश्केकच्या लिफ्टमध्ये जन्मलास? हिवाळ्यात मेंढ्या घेऊन वर कोण जातं? मे लागला की निघतात सगळे, मे!

नाही, मध्ये बोलू नकोस. सूचना कुठे लावली होतीस?… वेबसाइटवर. इंग्रजीत. वा! माझे बाबा घोड्यावर बसून तेच वाचत असतात.

…पहाटेच निघालेत ते. मेंढ्या घेऊन, खिंडीकडे. तुझ्या नव्या एपीआयवर काय दिसतंय, बघितलंस? दुपारनंतर बर्फाचं वादळ! आणि अ‍ॅपवर काय दिसतंय? 'आकाश निरभ्र.' गेल्या सप्टेंबरचं! उत्तर आलं नाही की ते जुनंच दाखवतं… हो, ते मीच तसं बनवलं. त्याची किळस माझी मलाच येतेय, तू नको सांगूस.

केला फोन, वीस वेळा केला. लागत नाही.

परवानगी? कुणाची?… साहेब जेवायला गेलेत? जेवू दे पोटभर. चावी तुझ्याकडे आहे ना? उघड मग. आत्ता. मी थांबलेय…

झालं? फोनांच्या विचारणा येतायत?… बारा… चाळीस… शून्य म्हणालास ना? मोज, लाज वाटेपर्यंत मोज… एकशे सहा. इशारा गेला सगळ्यांना?… बरं.

नाही, सगळे नाहीत. एकशे सात फोनांवर मी माझ्या हाताने बसवलंय ते. शेवटी बेचाळीस असलेला नंबर बघ… नाही? नीट बघ… पुन्हा बघ ना रे…

खिंडीच्या वाटेवर दगडी पुलापर्यंतच रेंज असते, तालाय. बाकीचे अजून अलीकडे असतील. बाबा दहालाच पलीकडे गेले असणार.

माफी? ठेव तुझ्याजवळ. थुंकावंसं वाटतंय मला, तुझ्यावर आणि माझ्यावरही.

…रडत नाहीये. खोगीर आवळतेय. तू फक्त ती खिडकी उघडी ठेव… नको, परत फोन करू नकोस. पुलापुढे माझाही लागणार नाही.