खड्ड्यातली खडी

"हॅलो? …हां, बोल चिमणे."

धाकटी बहीण होती. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत ताईने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि नमुन्यांच्या पिशव्यांवर आकडे घालणं चालूच ठेवलं.

"आली गुलाबाची रोपं? …बारा? मग मुळं बादलीत बुडवून ठेव, सावलीत. उद्या संध्याकाळच्या आत जमिनीत गेली पाहिजेत… हो, हो… अगं ऐक ना, खड्डे कुणी खणले? …भावोजींनी? …बरं. आणि तळाशी? …काय घातलंय म्हणालीस?"

पेन थांबलं.

"खडी. वीतभर. …नाही गं, त्याने निचरा होत नाही. तुमची माती चिकण. पाणी खाली जायचं सोडून खडीच्या वरच अडतं, मुळं त्यात बसतात आणि कुजतात. …सगळे तसंच सांगतात, माहीत आहे मला. …काढावीच लागेल. तळ कुदळीने फोडायचा, कुजलेलं खत मिसळायचं, वर वाफा वीतभर उंच करायचा. …मग सांग की त्यांना. …का?"

यावर ताई बराच वेळ नुसती ऐकत राहिली. दवाखान्यातून घरी आल्यापासून चार महिने माणूस खुर्चीला चिकटून होता. रोज एक, असे बारा दिवसांत बारा खड्डे. आपणहून हाती घेतलेलं हे पहिलंच काम. ते चुकलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"मी सांगू? …तुझं नाव येणार नाही असं वचन नाही देत. दे फोन. …भावोजी, तब्येत कशी आहे? …छान. एक काम करा. एका खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. जिरलं की पुन्हा ओता. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावर जायचं नाही. दुसरं किती वेळात… काय? …कधी ओतलंत? …परवा. आणि सकाळी? …तसंच उभं. मग चिमणीला कसं दिसलं नाही? …ती उठायच्या आत मगाने उपसलंत."

ताईने पिशवी बाजूला ठेवली.

"काल दुसऱ्यात? …तिथेही तेच. अहो, मग बोलला का नाहीत? …खडी तिने आणली? स्कूटरवर, चार फेऱ्या मारून? …हे मला नाही बोलली ती. …नाही हो, मला मध्ये घालू नका. तिथेच आहे ना ती? फोन स्पीकरवर टाका. …टाकला?"

तिने घसा साफ केला.

"चिमणे, खड्ड्यात पाणी तुंबतंय, हे यांना परवापासून माहीत आहे. भावोजी, खडी काढावी लागणार, हे तिला आत्ता कळलंय. आता एकमेकांना जपणं पुरे. …हॅलो? …आहात का दोघं?"

ताईने वाट पाहिली. चिकण मातीने तिला ती सवय लावलेली होती.

"…हां, ऐकतेय. काय वाजलं ते? …फावडं. एकच आहे का? …दोन. बरं, ठेवते मी."