बाबांच्या उंचीचा खड्डा

ताई : वास गॅसचाच आहे. दूध उतू जाऊन शेगडी विझली असणार. बाबा, आम्ही बाहेर अडकलोय. आधी पुढे या आणि जाळीच्या दाराची आतली कडी काढा!

बाबा : कसा येऊ? मध्ये खड्डा आहे.

धाकटा : बाबा, तो मीच रंगवलाय. नुसता रंग आहे.

बाबा : रंगवलास तरी खोल आहे.

ताई : मी म्हटलं होतं, बाबा भटकतात तर बाहेरून कुलूप लाव. पण पेंटरसाहेबांना कला सुचली!

धाकटा : कुलूप लावलं की बाप कैदी वाटतो गं.

ताई : आणि आता कोण वाटतोय?

बाबा : भांडू नका. थांबा, दिवा लावून बघतो किती खोल आहे ते.

ताई : दिवा नको!

धाकटा : बटणाला हात लावू नका, बाबा! ठिणगी उडेल!

बाबा : बरं. मग चप्पल टाकून बघतो. ही टाकली.

ताई : बघा, वरच राहिली ना?

बाबा : हो. तरंगतेय.

ताई : तरंग...

बाबा : म्हणजे आत पाणी आहे. आणि मला पोहता येत नाही.

ताई : अरे, तोड ते दार!

धाकटा : लोखंडावर घाव घातला तर तीच ठिणगी.

बाबा : तुम्ही दोघं मागे सरा. पडाल आत.

धाकटा : बाबा, ऐका. मी फरशीखाली एक खोटा तळ धरला. तुम्ही उभे आहात आणि तळाच्या कोपऱ्यापासून तुमच्या डोळ्यापर्यंत दोरी ताणली असं समजा. दोरी फरशीला जिथे छेदेल, तिथे खूण केली.

बाबा : म्हणजे समरूप त्रिकोण.

धाकटा : तेच!

बाबा : मग उत्तर डोळ्याच्या त्या एकाच जागेपुरतं बरोबर. डोळा खाली आणला तर?

धाकटा : खड्डा मोडतो.

बाबा : मग बसायचं, झालं. गणित सांगायचं सोडून बोंबा काय मारत होता?

ताई : बसा बाबा, लवकर!

बाबा : गुडघे ऐकतील तेव्हा ना. हं... बसलो. शी! काय वेडंवाकडं काढलंय. कोणी काढलं हे?

ताई : रांगत या. काही झालं तरी उठू नका.

(कडी सरकल्याचा आवाज.)

धाकटा : मी आत जातो! ताई, बाबांना अंगणात ने!

ताई : चला बाबा, इथे मोकळ्या हवेत बसा. झाला का रे गॅस बंद?

धाकटा : झाला! खिडक्याही उघडल्या.

ताई : आजच ते खरवडून टाक. जीव गेला असता.

बाबा : नको, राहू दे.

ताई : अहो, का?

बाबा : उभा राहिलो की मला कुठेतरी जायचं असतं. कुठे, ते पोचल्यावरही आठवत नाही.