गावात पेपर एकच

अगं, आमच्या शिक्रापूरच्या वाचनालयात पेपर येतो एकच आन् वाचणारे ढीगभर. म्हणून मी सकाळी त्याची पानं सुटी करून वाटते. वाचून झालं की शेजाऱ्याशी बदलायचं.

एकदा पहिलं पान गेलं दत्तूआबांकडं आन् सातवं विठ्ठलआप्पांकडं. सोसायटीच्या निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद! आबा बातमी वाचत होते, बिबट्यासाठी पिंजरा लावला, सकाळी बघतात तर... आन् खाली छापलेलं, 'पुढे पान सातवर'.

आबा मला म्हणले, "शबाना, त्याला इचार, पिंजऱ्यात काय घावलं?"

आप्पा पानाआडून म्हणले, "शबाना, त्याला सांग, आधी सुरवात वाचून दाखव. मला निसत्या शेवटावरनं काय कळंना."

मी म्हणलं, "मला लई कामं हायती. तुमचं तुम्ही बघा." आन् कपाटामागं जाऊन कान लावून उभी राहिले.

मग आबांनी खाकरून सुरवात मोठ्यानं वाचली, आन् आप्पांनी शेवट. पिंजऱ्यात गावातलंच कुत्रं निवांत झोपलेलं! दोघं असे हसले, की सगळं वाचनालय हसायला लागलं.

आता दोघं रोज एकाच बाकड्यावर बसून एकमेकांना पेपर वाचून दाखवत्यात. परवा सरपंच आले आन् म्हणले, "तुमची अडचण व्हतीय, अजून एक पेपर चालू करू."

तसे दोघं एकदमच त्यांच्यावर वराडले, "दोन पेपर आणून गावात भांडणं लावता व्हय?"